चेंडू येण्याआधी

घाटकोपर-मानखुर्द लिंक रोड ओलांडून गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये शिरलं की दुकानांच्या रांगांमागे एक मोकळा तुकडा लागतो. तिथली मुलं त्याला मैदान म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभे टेम्पो, आणि मधोमध पावसाळ्यात तळं, हिवाळ्यात धूळ. संध्याकाळी पाचनंतर तिथे फुटबॉल चालतो. मी पस्तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं. माणसं निर्णय कसे घेतात, हा माझा आवडीचा विषय. फुटबॉल मात्र मी आयुष्यात कधी खेळले नाही. तरी गेल्या पावसाळ्यानंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्या भिंतीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून, वही घेऊन बसत आले. या लेखाचं निमित्त त्या वहीतला एक मुलगा आहे.

त्याच्या बनियनच्या पाठीवर स्केचपेनने आठ हा आकडा लिहिलेला असायचा, म्हणून मी त्याला आठ नंबर म्हणत असे. वय चौदा, अंगानं किरकोळ. पळण्यात तो पहिल्या पाचांतही नसे. पण चेंडू त्याच्याकडे आला की खेळ जरा निवांत झाल्यासारखा वाटे. इतर मुलं चेंडू मिळाल्यावर शोधाशोध करत, याला मात्र पुढचं ठिकाण आधीच ठाऊक असे. डिसेंबरात एका संघाच्या वयोगट निवड चाचणीला मैदानावरच्या सरांनी सहा मुलं नेली. आठ नंबर दहा मिनिटं खेळला. निवडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कारण विचारल्यावर कळलं, ‘ताकद कमी, आक्रमकता नाही.’ त्या दहा मिनिटांची नोंद माझ्या वहीत आहे. चेंडू त्याच्याकडे नऊ वेळा आला. आठ वेळा तो आपल्याच माणसाकडे गेला, त्यांपैकी पाच वेळा पुढच्या दिशेनं. एका खेळाडूनं दहा मिनिटांत याहून काय करावं, असा प्रश्न मला पडला. आणि त्यामागोमाग दुसरा, की हे निवड करणाऱ्यांना दिसलं का नाही?

ते दिसलं नाही, कारण ते घडलं त्याच्या डोक्यात, आणि तेही चेंडू पायाशी येण्याआधी.

डावपेच आणि निर्णय

फुटबॉलमधल्या बुद्धीबद्दल बोलताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक म्हणजे डावपेच. तो फळ्यावर काढता येतो. किती बचावपटू, मधल्या फळीत किती, कोणी कोणाला अडवायचं, हे सामन्याआधी ठरतं. दुसरी गोष्ट म्हणजे निर्णय. तो खेळाडू एकटाच घेतो, क्षणभरात घेतो, आणि फळ्यावर काढलेल्या बाणांपैकी एकही जागेवर नसताना घेतो. डावपेच सांगतो की चेंडू उजव्या बगलेनं न्यायचा. उजव्या बगलेत त्या क्षणी दोन विरोधक उभे असतील तर काय करायचं, हे खेळाडूनं ठरवायचं असतं.

ज्यांना फुटबॉल परका वाटतो त्यांनी खो-खो आठवावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली त्याचे नियम बांधायला घेतले, तेव्हापासून आपण तो शाळाशाळांतून खेळत आलो. बसलेल्या आठांची तोंडं आलटून-पालटून विरुद्ध दिशांना असतात आणि उठलेल्या पाठलाग करणाऱ्याला वाटेतून मागे फिरता येत नाही. पळणारा या दोन नियमांच्या फटीतून जगतो. कोणाला खो मिळण्याची शक्यता आहे, त्याचं तोंड कुठे आहे, म्हणजे तो कुठल्या बाजूला उठेल, हे त्यानं आधीच वाचलेलं असतं. उत्तम पळणारा म्हणजे सर्वांत वेगवान मुलगा नव्हे, हे खो-खोच्या कुठल्याही शिक्षकाला विचारावं. कबड्डीतल्या चढाईचंही तेच. तीस सेकंदांत सात माणसांच्या पायांचं वाचन करून परत यायचं.

फुटबॉलमध्ये हे वाचन अवघड होतं ते दोन कारणांनी. खेळाडूचे डोळे चेंडूकडे ओढले जातात, आणि धोका बहुतेक वेळा पाठीमागून येतो. शिवाय वेळ फार थोडा. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात चेंडू एकूण दीड-दोन मिनिटंच असतो. उरलेला सगळा वेळ तो चेंडूविना खेळतो. प्रशिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी त्या दोन मिनिटांचंच दिलं जातं. चेंडू कसा थांबवायचा, कसा मारायचा, शंकूंच्या मधून कसा न्यायचा. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत डोक्यानं काय करायचं, याला आपल्याकडे बहुतेक मैदानांवर तासच नाही.

मान वळवणे

नॉर्वेतले क्रीडामानसशास्त्रज्ञ गायर योर्डेट यांनी याच अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा पाठपुरावा केला. कॅमेरा चेंडूवर न ठेवता त्यांनी तो एकाच खेळाडूवर रोखला, आणि चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत तो मान वळवून आजूबाजूला किती वेळा बघतो हे मोजलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या ११८ खेळाडूंच्या त्यांनी केलेल्या अभ्यासातून निघालेली गोष्ट साधी आहे. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पास जास्त वेळा योग्य जागी पोचतात, विशेषतः पुढच्या दिशेचे. फ्रँक लँपार्ड या यादीत फार वरच्या जागी होता. स्पेनच्या झावीबद्दलही तेच आढळलं. दोघेही अंगापिंडानं राक्षस नव्हते आणि दोघेही वेगासाठी ओळखले जात नव्हते.

मी हीच पद्धत माझ्या खुर्चीवरून वापरली. एका संध्याकाळी एकच खेळाडू. चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच्या दहा सेकंदांत मान किती वेळा वळली, एवढंच टिपायचं. बहुतेक मुलांच्या नावापुढे शून्य किंवा एक. आठ नंबरच्या पुढे तीन, चार, कधी पाच. हे मोजमाप एका निवृत्त शिक्षिकेनं वहीत केलेलं आहे. त्यावरून सिद्धांत मांडायचा माझा इरादा नाही. पण फरक इतका ढळढळीत होता की तिसऱ्या आठवड्यात मी सरांना वही दाखवली. दिवसा टेम्पो चालवून संध्याकाळी मुलांना शिकवणारा हा तिशीतला माणूस वही बराच वेळ उलटत राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, मी वर्षभर त्याला ओरडतोय, बॉलकडे बघ, बॉलकडे बघ.’

चेंडूकडे बघ, हा आपल्याकडचा सर्वांत जुना सल्ला. चेंडू थांबवायच्या क्षणी तो बरोबरही आहे. पण चेंडू वाटेत असताना, दुसऱ्याच्या पायाशी असताना त्याच्याकडे टक लावून बघण्यात फायदा काहीच नाही. तो कुठून येतोय हे एकदा कळलं की पुढचा अर्धा सेकंद मोकळा असतो. तो अर्धा सेकंद कोण कशावर खर्च करतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ओळखणे

मात्र नुसती मान वळवून भागत नाही. सरांनी दुसऱ्याच दिवसापासून सगळ्यांना मान वळवायला लावली. आठवडाभर मैदानावर मुलं कबुतरांसारखी माना हलवत होती आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त हरवत होती. बघणं आणि दिसणं यांत अंतर आहे, ते इथे समोर आलं.

हे अंतर समजून घ्यायला बुद्धिबळाकडे जावं लागतं. डच मानसशास्त्रज्ञ आड्रिआन डे ग्रोट यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात एक समजूत मोडली. श्रेष्ठ बुद्धिबळपटू सामान्य चांगल्या खेळाडूपेक्षा फार पुढच्या चाली मोजतो असं नाही. त्याला पटाकडे बघताच कामाच्या चाली दिसतात, वाईट चालींचा विचारच तो करत नाही. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी आणखी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर उस्तादाला बरीचशी मोहरी आठवतात, नवख्याला थोडीच. पण मोहरी वाटेल तशी विखुरली तर उस्ताद जवळपास नवख्याच्या पातळीवर येतो. म्हणजे त्याची स्मरणशक्ती असामान्य नसते. त्याच्याकडे ओळखीच्या आकृत्यांचा साठा असतो. वाचता येणाऱ्याला अक्षरं सुटी दिसत नाहीत, शब्द दिसतो, तसंच हे.

अमेरिकन संशोधक गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या अनुभवी अधिकाऱ्यांना विचारलं, की आगीच्या ठिकाणी तुम्ही पर्याय कसे तोलता? अधिकारी म्हणाले, आम्ही तोलतच नाही. समोरचा प्रसंग कुठल्या जातीचा आहे हे ओळखतो, त्या जातीच्या प्रसंगात जे चालतं ते मनात एकदा चालवून बघतो आणि करतो. हँडबॉल खेळाडूंवर जोसेफ जॉन्सन आणि मार्कुस राब यांनी केलेल्या प्रयोगात, चित्रफीत थांबवून पुढे काय कराल असं विचारलं, तेव्हा खेळाडूंना सुचलेला पहिला पर्याय नंतर सुचलेल्यांपेक्षा बहुधा सरस निघाला. विचार करून निर्णय घ्यावा, या आपल्या शाळकरी शिकवणीला हे छेद देणारं आहे. पण त्यात एक अट आहे. पहिला पर्याय चांगला निघतो तो ज्याच्याकडे साठा आहे त्याचा.

साठा कुठून येतो, याचं एक अनपेक्षित उत्तर मला या मैदानावरच मिळालं. मी मोबाइलवर मुलांच्याच खेळाची चित्रफीत काढायचे आणि चेंडू पायातून सुटण्याच्या आधल्या क्षणी ती थांबवून विचारायचे, आता चेंडू कुठे जाईल? कुठे जायला हवा? खेळाडूंची जाण तपासण्याची ही पद्धत क्रीडामानसशास्त्रात रूढ आहे. वीस चित्रफितींत आठ नंबरची सोळा उत्तरं बरोबर आली. सर्वांत जास्त, अठरा, आली ती एका मुलीची. ती संघात नव्हती. मुलगे निघून गेल्यावर अंधार पडेपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं मुलींना मैदान मिळायचं, तेव्हा ती खेळायची.

चौकशी केल्यावर कळलं की तिचं घर मैदानाला लागून आहे. या भागात खालच्या खोलीवर माळा चढवलेला असतो आणि त्याला बाहेरून उभा लोखंडी जिना असतो. दोन वर्षं ती त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, धाकट्या भावाला सांभाळत, रोज खेळ बघत आली होती. मैदानातल्या मुलांना खेळ समोरून दिसतो, एकमेकांच्या अंगांनी झाकलेला. तिला तो वरून दिसला होता, माणसं आणि माणसांमधल्या मोकळ्या जागा यांच्यासकट. ‘वहाँ से सब दिखता है ना, टीचर,’ ती म्हणाली. साठा तिच्याकडे होता. पाय मात्र तयार नव्हते. चेंडू आला की तिला काय करायचं हे कळे आणि ते करेपर्यंत ती जागा बंद झालेली असे. बघणं, ओळखणं आणि करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा सराव दुसरीला आपोआप मिळत नाही.

जागेचं गणित

आता आठ नंबरच्या अपयशाकडे परत यायला हवं, कारण निवड करणाऱ्यांची चूक एवढं एकच कारण त्याला नव्हतं.

आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. म्हणजे ७,१४० चौरस मीटर. बावीस खेळाडूंत वाटलं तर दर माणशी सुमारे ३२५ चौरस मीटर. आमचा तुकडा मी पावलांनी मोजला. साधारण तीस मीटर बाय अठरा, ५४० चौरस मीटर. त्यात संध्याकाळी अठरा-वीस मुलं. दर माणशी सत्तावीस-तीस. आंतरराष्ट्रीय मैदानाच्या जवळजवळ अकराव्या हिश्श्याएवढी जागा. गल्लीत तर तेवढीही नाही. शिवाजीनगर महापालिकेनं पुनर्वसनासाठी आखलेली वस्ती आहे. सरळ रांगा, समांतर गल्ल्या, पत्त्यात प्लॉट नंबर. मुलं त्या गल्ल्यांत भिंतीवर चेंडू आपटून तो परत घेतात. भिंत हा त्यांचा सर्वांत भरवशाचा जोडीदार. ती कधी चुकत नाही आणि कधी रागावत नाही.

अरुंद जागा बरंच काही शिकवते. चेंडू पायाला चिकटतो, विरोधक हातभर अंतरावर असतो, निर्णय झटपट घ्यावा लागतो. ब्राझीलच्या कितीतरी मोठ्या खेळाडूंची सुरुवात छोट्या मैदानावरच्या फुटसालनं झाली. युरोपातल्या अकादम्या आज मुद्दाम लहान चौकोनात चार विरुद्ध चार खेळवतात. १९८२ साली लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी खेळ शिकवण्याची जी उलटी पद्धत मांडली, तिचा पायाही असाच आहे. आधी तंत्र घोटवून मग सामना नको, आधी छोटा, सोपा केलेला सामना खेळू द्या. काय करावं हे कळलं की कसं करावं हे शिकायची गरज मुलाला स्वतःलाच भासेल.

यावरून कोणी असं म्हणेल की मग गोवंडीच्या मुलांना देवानंच अकादमी दिली आहे. हा मोह मलाही झाला होता, आणि तो चुकीचा आहे. अकादमीतलं मूल लहान चौकोनातून रोज मोठ्या मैदानावर जातं. आमचं मूल जात नाही. आठ नंबरला तीन मीटरवरची, सात मीटरवरची, बारा मीटरवरची आकृती तोंडपाठ होती. चाळीस मीटरवरून बगलेत धावणारा जोडीदार त्यानं कधी बघितलाच नव्हता, कारण तिथे टेम्पो उभा असतो. चाचणीतल्या माझ्या नोंदी मी पुन्हा पाहिल्या. त्याचे आठही पास छोटे होते. दोनदा पलीकडच्या बगलेत जोडीदार एकटा, हात वर करून उभा होता. आठ नंबरची मान त्या दिशेला वळलीही होती, पण तो मुलगा त्याला ‘दिसला’ नाही. त्याच्या कोशात तो शब्द नव्हता. निवड करणाऱ्यांनी याला आक्रमकता नाही असं म्हटलं. निदान चुकलं होतं, पण दुखणं खोटं नव्हतं.

मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेच्या सर्व प्रभागांत गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व प्रभाग तळाला होता. पाणी, आरोग्य, शाळा हे त्याचे निकष. खेळाच्या मैदानाची उणीव त्यापुढे किरकोळ वाटते, आणि ज्या घरात पाण्याचा प्रश्न आहे तिथे ती तशी असेलही. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती नेमकं काय हिरावून घेते, हे मला या मोजणीतून कळलं. पाय शाबूत राहतात, हौस शाबूत राहते. लांबचं बघण्याची सवय तेवढी लागत नाही.

कूपरेजचा जुना धडा

मुंबईच्याच फुटबॉलमध्ये या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा कूपरेज मैदानावर भरत असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा करंडक हैदराबाद सिटी पोलीस या संघानं नेला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. दोन वर्षांपूर्वी आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे त्यांचं नाव आता घराघरांत पोचलं आहे. पण चित्रपटात भाषणं जास्त आणि पद्धत कमी दिसते. रहीम पेशानं शिक्षक होते आणि पद्धत हीच त्यांची खरी देणगी होती. चेंडू पायात घोळवत न्यायला बंदी असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. कमजोर पायानंच खेळायच्या स्पर्धा भरवल्या. नियमाची अशी एक फट बंद केली की खेळाडूला दुसरी शोधावीच लागते. चेंडू घोळवता येत नसेल तर तो येण्याआधीच कुठे द्यायचा हे ठरवावं लागतं, म्हणजे आधी बघावंच लागतं. ‘बघ’ म्हणून ओरडावं लागत नाही. लफबरोच्या संशोधकांनी सिद्धांत मांडण्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघ १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ विजयात आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली. रहीम यांनी त्याला विश्रांती दिली नाही आणि मागेही ठेवलं नाही. उपांत्य सामन्यात त्यांनी त्याला आघाडीवर, मध्यभागी खेळवलं. त्यानं त्या सामन्यात गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारत २-१ असा जिंकला. हा जुगार वाटतो, पण मला त्यात तर्क दिसतो. आघाडीच्या खेळाडूनं कुठे धावलं की आपली पंचाईत होते, हे बचावपटूइतकं कोणाला माहीत असणार? जर्नेलकडे आकृत्यांचा साठा होता. रहीम यांनी त्याला तोच साठा उलट्या बाजूनं वाचायला लावला.

चूक आणि ओरडा

शेवटचा मुद्दा भीतीचा. २००७ साली मायकेल बार-एली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठ स्पर्धांतल्या २८६ पेनल्टींचा हिशेब मांडला. पेनल्टीचं अंतर अकरा मीटर. ताशी शंभर किलोमीटर वेगानं मारलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो, त्यामुळे गोलरक्षकाला आधीच अंदाज बांधावा लागतो. सुमारे २९ टक्के चेंडू मध्यभागी आले होते, पण गोलरक्षक मध्यभागी थांबले जेमतेम ६ टक्के वेळा. जेव्हा थांबले तेव्हा तीनातला एक चेंडू अडला. डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतल्यावर सातात एक जेमतेम. तरीही गोलरक्षक झेप घेतात. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की उभं राहून गोल खाल्ला तर ‘काहीच केलं नाही’ असं वाटतं, झेप घेऊन खाल्ला तर निदान प्रयत्न केल्याचं समाधान मिळतं. म्हणजे चाळीस-पन्नास हजार प्रेक्षकांसमोर खेळणारा व्यावसायिक खेळाडूसुद्धा कधी कधी निर्णय गोल वाचवण्यासाठी घेत नाही, बोल टाळण्यासाठी घेतो.

मग बाराव्या वर्षीचं मूल काय करेल? आमच्या मैदानावर एका तासात सरांनी किती सूचना ओरडून दिल्या, त्या मी एकदा मोजल्या. एकशे बेचाळीस. ‘पास दे’, ‘मार’, ‘छोड उसको’, ‘पीछे आ’. सूचना बहुतेक बरोबर होत्या. पण त्या ऐकणारी मुलं चेंडू मिळाला की आधी सरांकडे बघत. मान वळायची ती कडेला उभ्या असलेल्या माणसाकडे. निर्णय त्यांनी सरांकडे गहाण टाकला होता.

मी सरांना हा आकडा संकोचानंच सांगितला. ते दुखावले, हे मला दिसलं. दिवसभर गाडी चालवून एक पैसा न घेता शिकवणाऱ्या माणसाला कोणी खुर्चीत बसून आकडे दाखवले, तर दुसरं काय होणार? दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शिट्टी गळ्यात घालून येताना म्हणाले, ‘आज मी गप्प बसून बघतो, मॅडम. काय होतंय ते होऊ दे.’ पहिला आठवडा वाईट गेला. मुलं भांडली, पास चुकले, दोघांनी खेळ सोडतो म्हणून सांगितलं. मग सरांनी स्वतःच एक रीत काढली. चूक झाली की शिट्टी वाजवायची, सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं आणि ज्याची चूक झाली त्याला एकच प्रश्न विचारायचा, ‘तुला काय दिसलं?’ का केलंस, असं विचारायचं नाही. का या शब्दात आरोप येतो, मूल बचाव करू लागतं. काय दिसलं, यात फक्त चौकशी असते. बऱ्याचदा उत्तर येई, ‘सर, वो दिखाइच नहीं.’ मग सर म्हणत, आता बघ. आणि खेळ पुढे चालू होई. ही रीत कुठल्या पुस्तकात असेल-नसेल, सरांनी ती आपल्या बुद्धीनं काढली.

लांबचं दिसण्याचा प्रश्न मात्र अशा युक्तीनं सुटणारा नव्हता. तासाच्या भाड्यावर मिळणारी टर्फही छोटीच असतात, आणि त्यांचं भाडं या मुलांना परवडत नाही. शेवटी दर दुसऱ्या रविवारी सकाळी हार्बर लाइननं सीएसएमटीला जायचं आणि तिथून चालत, जे मोकळं मैदान मिळेल तिथे दोन तास खेळायचं, असं ठरलं. पहिल्या रविवारी मुलं मैदानाच्या मध्यात गोळा होऊन खेळली, कडेची सगळी जागा तशीच पडून राहिली. कोणी भिंत नसताना ती भिंतीएवढ्याच जागेत खेळत होती. तिसऱ्या रविवारी आठ नंबरनं पहिल्यांदा चेंडू पलीकडच्या बगलेत उचलून मारला. तो जोडीदाराच्या बराच पुढे पडला आणि बाहेर गेला. सरांनी शिट्टी वाजवली नाही. मी वहीत त्या चुकीपुढे एक टीप केली, की यंदाच्या मोसमातला हा त्याचा सर्वांत चांगला पास.

पुढची निवड चाचणी या डिसेंबरात आहे. तो निवडला जाईल की नाही, मला सांगता येणार नाही. चाचणी घेणारे दहा मिनिटं बघतात आणि त्यांचे डोळे चेंडूकडेच असतात. मी एक विनंती मात्र करेन, कुठल्याही मैदानावर, कुठल्याही मुलांची निवड करणाऱ्या कोणालाही. एका मुलावर पाच मिनिटं नजर ठेवा, त्याच्याकडे चेंडू नसताना.

जिन्यावरची मुलगी आता संध्याकाळी सहालाच मैदानात येते. मुलांनी कुरकुर केली, पण सरांनी चार विरुद्ध चारमध्ये तिला आठ नंबरच्या बाजूला टाकलं. तिचा धाकटा भाऊ माझ्या खुर्चीशेजारी बसतो. परवा त्यानं माझ्या वहीत बोट घालून विचारलं, ‘टीचर, मेरी दीदी का कितना हुआ?’ मी आकडा दाखवला. चार.